बाबांचा गिरणीचा पास आणि तुझ्या नवऱ्याचा पासपोर्ट

या महिन्यात चार पत्रं आली. तीन पत्रांना शेवटी दोन-दोन ओळींत उत्तर देते, रागावू नका. चौथं मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरातून आलंय आणि त्यानं मला दोन रात्री झोपू दिलं नाही. लिहिणारी माझ्या मुलीच्या वयाची आहे, म्हणून अगं-तुगं करते.

ती लिहिते: ‘काकू, आम्हाला इथे येऊन अकरा वर्षं झाली. मुलं इथलीच नागरिक आहेत, मीही २०१९ मध्ये नागरिकत्व घेतलं. नवरा अजून पीआरवरच, म्हणजे कायम रहिवासीच आहे. विषय काढला की उठून जातो. रोज रात्री जेवणानंतर सोफ्यावर बसून गावच्या ग्रुपवर भांडतो. शिवसेना फुटली तेव्हा सख्ख्या मावसभावाशी बोलणं बंद केलं, राष्ट्रवादी फुटल्यावर उरलेल्यांशी. इथल्या आमच्या शाळेपुढच्या रस्त्यावर मुलांना धरून ओलांडून देणाऱ्या आजींचं काम नगरपालिकेनं बंद केलं, ते याला दोन महिन्यांनी कळलं. २०२५च्या मे महिन्यात मी मत द्यायला रांगेत होते, तर हा शाळेच्या फाटकाबाहेर मुलाची स्कूटर धरून उभा. मुलानं विचारलं, बाबा, तू का नाही येत आत? त्याला उत्तर देता आलं नाही.’

आणि पुढे: ‘एकदाच बोलला. म्हणाला, बाबांच्या अस्थी ज्या नदीत सोडल्या, त्या देशाचा पासपोर्ट मी कसा परत करू?’

अगं, हे शेवटचं वाक्य तू चौथ्या पानावर, ता. क. म्हणून लिहिलंस. ते सगळ्यात वर यायला हवं होतं. तीन पानं तू राजकारणाची तक्रार केलीस, आणि तुझं घर अडलंय ते माहुलीच्या संगमावर. एप्रिल २०२१ मध्ये साताऱ्यात तुझे सासरे कोविडनं गेले. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर अस्थी धाकट्या भावानं सोडल्या, आणि थोरल्यानं ते पहाटे स्वयंपाकघरात उभं राहून फोनवर पाहिलं. आपण परदेशात राहणाऱ्यांना यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. तो फोन आपल्यातल्या किती जणांनी धरलाय.

त्याच्या मनात आणखी एक गोष्ट असणार, ती तुझ्या पत्रात नाही म्हणून मीच सांगते. ३ मे २०२१ पासून पंधरा तारखेपर्यंत या देशानं, ऑस्ट्रेलियानं, भारतातून येणाऱ्या स्वतःच्या नागरिकांनासुद्धा दार बंद केलं होतं. आला तर ६६,६०० डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षं कैद, असा तो आदेश होता. असल्या देशाच्या निष्ठेची शपथ मी का घेऊ, असं त्याला वाटत असेल तर मला त्यात काही वावगं दिसत नाही. मलाही तेव्हा संताप आला होता. फरक इतकाच की साधारण एका वर्षानं, २१ मे २०२२ च्या निवडणुकीला, मी तो संताप घेऊन आमच्या भागातल्या प्राथमिक शाळेत गेले, हिरव्या मतपत्रिकेवरच्या प्रत्येक चौकोनात पेन्सिलीनं पसंतीचे आकडे घातले आणि घडी करून ती पेटीत टाकली. त्याच्याकडे पेटीच नव्हती. त्याचा राग आजही त्या ग्रुपवर फिरतोय आणि मावसभावाला लागतोय.

या सदराचे जुने वाचक म्हणतील, काकू पुन्हा मतदानावर आल्या. हो, आले. जिथे तुमचा कचऱ्याचा डबा उचलला जातो, जिथे तुमची मुलं शाळेत जातात, तिथे तुमचं मत असलं पाहिजे, हे मी मरेपर्यंत सांगणार. का सांगते तेही आज सांगते.

माझे बाबा लालबागला कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर पडली. मी तेव्हा तेरा वर्षांची. आम्हाला वाटलं महिना-दोन महिने जातील. तो संप कधी मागे घेतलाच गेला नाही. बाबांची गिरणी पुन्हा उघडली नाही, पण बाबांच्या शर्टाच्या खिशातून पास हलला नाही. फोटो चिकटवलेला, तिकीट नंबर लिहिलेला, कडा घामानं मऊ झालेला पास. आंघोळीनंतर धुतलेला शर्ट घातला की पहिल्यांदा पास खिशात. चाळीतल्या एकानं टॅक्सी घेतली, दुसऱ्यानं भाजीची गाडी लावली. बाबांना दादरच्या एका छापखान्यात काम मिळत होतं, तर म्हणाले, उद्या भोंगा वाजला तर मी कुठे असेन? आई बारा माणसांची खानावळ चालवून आम्हाला वाढवत होती आणि बाबा गॅलरीत उभे राहून भोंग्याची वाट पाहत होते.

त्यांचं मतदार यादीतलं नाव होतं कणकवलीकडच्या आमच्या गावात. वीस वर्षं मुंबईत काढली तरी नाव तिथेच. चाकरमान्यांमध्ये असे पुष्कळ होते. गावचं नाव कापलं की गाव तुटेल अशी धास्ती. १९८५च्या महापालिका निवडणुकीत सगळी चाळ खाली रांगेत, आणि बाबा वर कठड्याला टेकून उभे. आमच्या नळाला पहाटे चारला पाणी यायचं, ते कोणाला विचारायचं हे ठरवण्यात त्यांचा वाटा नव्हता. गावातही नव्हता, कारण मतदानाला जायला एसटीचे पैसे नव्हते. तुझ्या पत्रातली फाटकाबाहेरची स्कूटर वाचली आणि मला तो कठडा दिसला.

शेवटी आईनंच फॉर्म आणला. भांडली नाही. ताटाशेजारी फॉर्म ठेवला आणि म्हणाली, गावचं घर गावात आहे, ते कोण नेत नाही, इथल्या नळाचं बघा. १९९२च्या निवडणुकीत बाबांनी मुंबईत पहिलं मत दिलं. घरी आले आणि शाई लावलेलं बोट तिच्यापुढे धरलं. त्या उन्हाळ्यात त्यांनी छापखान्यात काम धरलं. पास फेकला नाही. देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवला. दहा वर्षं गेली होती तोवर. ती दहा वर्षं मला परत हवी आहेत, म्हणून मी तुमच्या मागे लागते.

आता नवऱ्याला दाखवायला काही रोकडं, कारण भावनेच्या आड भीतीही असते आणि ती बहुधा ऐकीव माहितीतून येते.

साताऱ्याची जमीन जाईल, असं त्याला कोणीतरी सांगितलंय. वारसानं आलेली शेतजमीन परदेशी नागरिक झालेल्या, ओसीआय (भारताचं परदेशस्थ नागरिक कार्ड) असलेल्या मुलाकडेही राहते. नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही हे खरं, पण ती आज भारतीय पासपोर्टवर परदेशात राहतानाही त्याला घेता येत नाही. जमिनीची खरोखर काळजी असेल तर सासऱ्यांच्या मागे सातबाऱ्यावर वारस नोंद झाली का, ते तलाठ्याकडे विचारा. पाच वर्षांत कोणी विचारलेलं नसणार, पैज लावते.

भारतातलं मत जाईल, हेही खरं. १९५५च्या नागरिकत्व कायद्यानुसार आपणहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं आणि ओसीआयला मत नसतं. पण आज ते मत आहे म्हणजे काय आहे? २०११ पासून अनिवासी भारतीयांना मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, मात्र मत द्यायला आपल्या मतदारसंघात स्वतः हजर व्हावं लागतं. त्याला विचार, अकरा वर्षांत किती वेळा गेलास? त्याला दोन देश आहेत आणि मत एकाही देशात नाही. रोज रात्री तो जे काही ग्रुपवर ओततो, त्यातलं चमचाभरही कुठल्या पेटीत पडत नाही.

नागरिकत्वाची परीक्षा अवघड नाही. वीस प्रश्न, पंधरा बरोबर यायला हवेत, त्यातले मूल्यांवरचे पाच मात्र सगळे बरोबर. दहावीला आपण याहून जास्त पाठ केलंय. आणि एकदा नाव लागलं की इथे मत देणं सक्तीचं आहे, १९२४ पासून. नाही दिलंत तर घरी पत्र येतं, कारण पटलं नाही तर वीस डॉलर. मला ही सक्ती आवडते. दहातली नऊ माणसं त्या शनिवारी शाळेच्या अंगणात येतात, पावात सॉसेज आणि भाजलेला कांदा घालून शाळेचे पालक विकत असतात, शाकाहारी माणसाला नुसता कांदाही देतात. बोटाला शाई मात्र नाही. पहिल्या वेळी घरी येऊन मी बोट पाहिलं आणि चुकल्यासारखं झालं.

इतर देशांतल्या वाचकांना इथेच सांगते: ब्रिटनमध्ये रीतसर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला राष्ट्रकुलातला म्हणून पार्लमेंटच्या निवडणुकीतही मत देता येतं, न्यूझीलंडमध्ये कायम रहिवासी असाल आणि वर्षभर तिथे राहिला असाल तर मिळतं. पासपोर्ट न बदलता. तरीही तुमच्यातल्या किती जणांनी नाव नोंदवलंय?

आता तुला थोडं बोलते. तू विचारलंस, ‘त्याचा फॉर्म मीच गुपचूप भरून ठेवू का?’ नाही, मुळीच नाही. बापाच्या दुःखावर कुणाची सही करून घेत नाहीत. दुसरं, तू स्वतः २०१९ मध्ये नागरिकत्व घेतलंस आणि सासूबाईंना अजून सांगितलेलं नाहीस, असं कंसात लिहिलंयस. सहा वर्षांच्या वर! घरात बदल ही लपवायची गोष्ट आहे हे तुझ्या नवऱ्याला तूच शिकवलंस की गं. येत्या रविवारी, त्यांच्या दुपारच्या चहाच्या वेळी फोन कर आणि सरळ सांग. मला वाटतं त्या विचारतील, बरं, मग आता येणार कधी?

आणि उत्तर तयार ठेव. माहुलीला जा. चौघंही जा. तो गेला नाही म्हणून त्याचा बाप त्याच्यासाठी अजून गेलेलाच नाही. भारतीय पासपोर्ट आहे तोवर, त्याच पासपोर्टवर मुलगा म्हणून एकदा जाऊ दे. भावाबरोबर घाटावर उतरू दे, जो विधी राहिला असेल तो करू दे, मुलाला कृष्णेच्या पाण्यात उभं करू दे. मावसभाव साताऱ्यातच असेल तर त्याच्या घरी जेवायला जा आणि पक्षांचं नाव काढू नका. नागरिकत्वाचा अर्ज तिथून परत आल्यावर. तेव्हाही नाही म्हणाला तर वर्षभर गप्प बस. फॉर्म ताटाशेजारी ठेवायची वेळ कोणती, हे माझ्या आईला दहा वर्षांनी कळलं. तुला लवकर कळेल.

आमच्या ह्यांनी २००४ मध्ये शपथ घेतली. तेव्हा ओसीआय कार्डं यायची होती. समारंभ नेमका २६ जानेवारीचा. (इथल्या मूळ लोकांसाठी तो शोकाचा दिवस आहे, त्यामुळे आता बऱ्याच नगरपालिका दुसऱ्या तारखेला समारंभ ठेवतात, आणि ते मला योग्य वाटतं.) सकाळी स्वयंपाकघरात रेडिओसमोर ताठ उभं राहून हे जन गण मन म्हणाले, आणि अकरा वाजता सभागृहात हात छातीशी धरून ‘या क्षणापासून पुढे’ या शब्दांनी सुरू होणारी शपथ. त्यात मागचं विसरा असं कुठेही नाही, मी नीट ऐकलं. महापौरांनी हातात एक रोप दिलं. गाडीत येऊन बसले आणि हुंदके देऊन रडले. मी गाडी सुरू केली नाही. रडून झाल्यावर म्हणाले, रोप उन्हात ठेवायचं की सावलीत, विचारायचं राहिलं. रद्दचा शिक्का बसलेला त्यांचा जुना पासपोर्ट बाबांच्या गिरणीच्या पासाशेजारी, त्याच डब्यात आहे.

बाकीच्या तिघींना. डॅलसच्या ताई, डोंबिवलीचा बंद फ्लॅट भाड्यानं द्या. सासूबाईंच्या साड्या दोघी नणंदांना बोलावून वाटा, फोटो काढत बसू नका. म्युनिकच्या ताई, मुलगी मराठीत उत्तर देत नाही म्हणून तुम्ही जर्मनवर येऊ नका. तुम्ही मराठीतच बोला, तिला ऐकू येतंय. दुबईच्या ताई, जावई पाट मांडून जेवत नाही ही तक्रार मी वाचली नाही असं समजा.

आणि तू, पश्चिमेकडची, शाळेच्या फाटकाजवळची. सातारला जायची तिकिटं काढलीत की कळव. उन्हाळ्यात कृष्णेला पाणी कमी असतं, पावसाळा सरल्यावर जा.