सिरप बदलून ढास थांबत नाही तेव्हा

प्रश्न : सर्दी-ताप होऊन गेला, पण कोरडा खोकला ६ आठवडे झाले तरी हटत नाही. आडवं पडलं की ढास लागते. तीन सिरपं झाली. वय ५२. रक्तदाबासाठी ४ महिन्यांपासून रामिप्रिल चालू आहे. काय करावे?

उत्तर : चौथी बाटली आणू नका. सिरपने उबळ जरा दबते, कारण तसेच राहते. विषाणूजन्य सर्दीनंतर श्वासनलिका हळव्या होतात आणि खोकला ८ आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकतो. त्यावर अँटिबायोटिक निरुपयोगी.

पण तुमच्या बाबतीत आमचा पहिला संशय गोळीवर आहे. रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल या गटातल्या गोळ्यांनी कोरडा खोकला होतो, कधी कधी गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांनी. ती आपल्या मनाने मात्र बंद करू नका, रक्तदाब चढेल. डॉक्टर तिच्याऐवजी टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन देऊ शकतात. त्यानंतरही खोकला जायला साधारण १ ते ४ आठवडे लागतात, क्वचित ३ महिने. दोन दिवसांत फरक पडला नाही म्हणून जुन्या गोळीवर परतू नका.

आडवं पडल्यावर ढास लागते ती नाकातला स्राव घशात उतरल्याने किंवा जठरातले आम्ल वर आल्याने. छातीत जळजळ असेलच असे नाही. जेवण आणि झोप यांत ३ तास ठेवा. पलंगाचे डोक्याकडचे पाय १५ ते २० सेंटिमीटर उचला. नुसत्या उशा रचल्या तर कंबरेत वाकून पोटावर दाब येतो. पहाटे किंवा थंड हवेत खोकला वाढत असेल, छातीत घरघर होत असेल, तर दम्यासाठी स्पायरोमेट्री (नळीत फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी) करावी लागते.

ढास येतेय असे वाटताच तोंड मिटा, आवंढा गिळा, घोटभर पाणी प्या, नाकाने सावकाश श्वास घ्या. झोपताना चमचाभर मध चालेल (वर्षाच्या आतल्या बाळाला कधीही नाही).

खोकला २ आठवड्यांवर गेला की क्षयाचा विचार करावाच लागतो. तुमचे ६ झालेत, म्हणून याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा आणि छातीचा एक्स-रे काढायचा का ते विचारा. थुंकीत रक्त, घटते वजन, रात्रीचा घाम, पुन्हा ताप, ३ आठवडे बसलेला आवाज किंवा धूम्रपानाची सवय असेल तर एक दिवसही थांबू नका. एक वाक्य पुरे बोलताना धाप लागली, ओठ निळे पडले किंवा छातीत जोरात दुखू लागले तर थेट तातडीच्या विभागात जा.

जाताना सगळ्या औषधांची पाकिटे सोबत न्या आणि गोळी केव्हा सुरू झाली, खोकला केव्हा, या दोन्ही तारखा लिहून न्या.