गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे दहा-पंधरा वर्षे जुन्या ऑटोमॅटिक एसयूव्ही गाड्यांविषयी आहेत. एक खुलासा आधी करणे आवश्यक आहे. पुढील उत्तरे टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑईलमार्फत गिअरबॉक्सकडे नेणारा भाग) असलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सविषयी आहेत. एएमटी या दुसऱ्या प्रकारात साधीच क्लच प्लेट यंत्राने दाबली जाते आणि सीव्हीटी या तिसऱ्या प्रकारात पट्टा असतो, त्यामुळे त्या गाड्यांना ही उत्तरे लागू करू नयेत.

प्रश्न : माझी २०१२ सालची डिझेल एसयूव्ही १ लाख ६५ हजार किलोमीटर चालली आहे. सकाळी ‘डी’मध्ये टाकल्यावर दोन-तीन सेकंद गाडी हलत नाही, मग झटका बसून पुढे सरकते. दुसऱ्यावरून तिसरा गिअर पडताना इंजिनाचा आवाज क्षणभर चढतो. एका गॅरेजने एक फेरी मारून गिअरबॉक्स पूर्ण खोलावा लागेल असे सांगितले आणि लाखाच्या पुढचा अंदाज दिला. दुसरे मेकॅनिक म्हणतात की ऑईल जुने असेल तर हात लावू नका, बदलले तर गाडी जागेवरच बसेल. कोणाचे ऐकावे? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : तूर्त दोघांचेही ऐकू नये, कारण दोघांनीही ऑईल पाहिलेले नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील ऑईल हे केवळ वंगण नसते. इंजिनाची ताकद कन्व्हर्टरमधून पुढे नेणे, आतल्या क्लच प्लेटांना दाब देऊन आवळून धरणे आणि सगळी उष्णता कूलरपर्यंत वाहून नेणे ही तिन्ही कामे तेच करते. ते कमी झाले की पंप ऑईलबरोबर हवाही ओढतो, दाब उशिरा तयार होतो आणि आपण म्हणता ती दोन-तीन सेकंदांची उसंत दिसते. रबरी सील उष्णतेने कडक झाले असतील तरीही हेच लक्षण दिसते, मात्र तेव्हा बहुधा ते थंड गाडीत जास्त आणि गरम झाल्यावर कमी असते. म्हणून प्रथम तीन गोष्टी पाहून लिहून ठेवा : उशीर फक्त सकाळी होतो की दिवसभर, फक्त ‘डी’मध्ये (पुढे जाताना) होतो की ‘आर’मध्येही (मागे घेताना), आणि तिसऱ्या गिअरचा आवाज चढावर वाढतो का. उशीर फक्त ‘डी’ किंवा फक्त ‘आर’ अशा एकाच बाजूला असेल तर दोष त्या बाजूच्या क्लचचा किंवा त्याच्या सीलचा असण्याची शक्यता अधिक असते. दोन्हीकडे असेल तर दाब, पंप, फिल्टर आणि ऑईलची पातळी यांच्याकडे वळावे.

पातळी पाहण्याची पद्धत इंजिन ऑईलपेक्षा वेगळी आहे आणि इथेच बहुतेक चुका होतात. गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून सपाट जागी उभी करा. इंजिन चालू ठेवून, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर प्रत्येक जागी काही सेकंद थांबवत सगळीकडून फिरवा, पुन्हा ‘पी’मध्ये (पार्क) आणा आणि मगच डिपस्टिक काढा. काही उत्पादक ही तपासणी ‘एन’मध्ये (न्यूट्रल) करायला सांगतात, त्यामुळे गाडीबरोबरचे पुस्तक आधी वाचावे. डिपस्टिक कॉटन वेस्टने पुसू नये. त्यातला एखादा धागा आत गेला तर व्हॉल्व्ह बॉडीतील (ऑईलचा दाब हव्या त्या क्लचकडे वळवणाऱ्या भागातील) बारीक व्हॉल्व्ह अडकण्यास तेवढे पुरते. डिपस्टिक नसलेल्या गाड्यांत पातळी खालच्या बुचातून, ऑईल ठरावीक तापमानाला असताना पाहतात, आणि ते तापमान स्कॅनरवर (गाडीच्या संगणकाला जोडायच्या उपकरणावर) वाचावे लागते. ते काम लिफ्टवरच करून घ्यावे.

आता ऑईलचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका आणि दहा मिनिटे थांबा. लालसर किंवा तांबूस डाग सारखा पसरत गेला तर ऑईल वापरलेले आहे एवढाच त्याचा अर्थ. मधोमध काळा ठिपका तसाच राहिला आणि त्याला जळक्या कागदासारखा वास आला तर क्लचचे अस्तर जळले आहे. डाग दुधाळ गुलाबी दिसला तर रेडिएटरमधील कूलर फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरले आहे आणि त्या क्षणापासून गाडी चालवू नये.

पातळी कमी निघाली तर नुसती भर घालून थांबू नका. हे ऑईल इंजिन ऑईलसारखे जळून संपत नाही. ते कुठून तरी बाहेर गेलेले असते. चेंबरचे (गिअरबॉक्सच्या तळाशी ऑईल साठते त्या भांड्याचे) पॅकिंग, शाफ्टचे सील, कूलरच्या नळ्यांचे जोड आणि इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामधला पुढचा सील, या क्रमाने पाहावे. शेवटचा सोडून बाकी सगळ्यांसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

दुसऱ्या मेकॅनिकच्या सांगण्यात अर्धे तथ्य आहे. ऑईल बदलल्यावर जे गिअरबॉक्स बंद पडतात ते बहुतेक आधीच स्लिप होत असतात, म्हणजे त्यांचे क्लच घसरत असतात, आणि मालक अखेरचा उपाय म्हणून ऑईल बदलायला आलेला असतो. शिवाय मशीन लावून जोराने फ्लश केले तर वर्षानुवर्षे तळाशी बसलेला गाळ उठून व्हॉल्व्ह बॉडीत जाऊ शकतो. म्हणून ऑईल तांबूस असेल आणि जळका वास नसेल तर ते जरूर बदलावे, पण मशीनने नव्हे. चेंबरचे बूच काढल्यावर एकूण ऑईलपैकी साधारण एकतृतीयांश ते निम्मेच बाहेर येते. उरलेले कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये राहते. तेव्हा ५०० ते १,००० किलोमीटरच्या अंतराने तीनदा काढणे आणि भरणे हा जुन्या गाडीसाठी मला सर्वांत सुरक्षित वाटणारा मार्ग आहे.

पहिल्या खेपेस चेंबर खाली उतरवायला सांगा आणि त्या वेळी स्वतः समोर उभे राहा. आत लोहचुंबकाचे तुकडे बसवलेले असतात. त्यांच्यावर काजळासारखा मऊ, राखाडी लेप असेल तर ती वयोमानाची झीज समजावी. बोटाला टोचणारे चकचकीत कण, चेंबरच्या तळाशी पितळी चमक किंवा चहाच्या भुकटीसारखे काळे तुकडे दिसले तर मात्र अनुक्रमे गिअर-बेअरिंग, बुश आणि क्लच प्लेटा यांचा विचार करावा लागतो. फोटो काढून ठेवा. फिल्टर आणि पॅकिंग त्याच वेळी बदला.

ऑईल निवडताना रंगावर जाऊ नका. नाना पेठेतल्या दुकानांत एकाच लाल रंगाच्या ऑईलचे चार वेगवेगळे डबे मिळतील. तो रंग केवळ ओळखीसाठी घातलेला असतो. डेक्सरॉन-३, टोयोटाचे टी-४ आणि डब्ल्यूएस, मित्सुबिशीचे एसपी-३ ही सगळी ऑईलची वेगवेगळी मानके आहेत आणि प्रत्येकात क्लच किती सहज पकडावा हे ठरवणारी रसायने निराळी आहेत. आपल्या पुस्तकात जे मानक लिहिले आहे तेच डब्यावर लिहिलेले असले पाहिजे.

ऑईल काळे आणि जळके निघाले, तरीही गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी दोन नोंदी मागून घ्या : स्कॅनरने वाचलेले बिघाडाचे कोड आणि लाइन प्रेशरचा (गिअरबॉक्समधील ऑईलच्या मुख्य दाबाचा) आकडा. गिअरबॉक्सवर दाब मोजण्याचे बूच असते, तिथे गेज जोडतात. सर्व गिअरमध्ये दाब कमी असेल तर पंप, फिल्टर किंवा दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह संशयित ठरतो. दाब योग्य असूनही गिअर स्लिप होत असेल तर क्लच प्लेटा झिजल्या आहेत आणि गिअरबॉक्स खोलणे अटळ आहे. ब्रेक दाबून पूर्ण ॲक्सिलरेटर देण्याची स्टॉल टेस्ट घरी करू नका. ती जाणकाराने, पाच सेकंदांच्या आत संपवायची असते आणि थकलेल्या गिअरबॉक्सला तेवढीही जड जाते.

खोलण्याचे ठरलेच, तर अंदाजपत्रकात टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलर यांचा उल्लेख आहे की नाही ते पाहा. जळलेल्या अस्तराची भुकटी या दोन्हींत साठलेली असते. कन्व्हर्टर बदलला किंवा दुरुस्त केला नाही आणि कूलर धुतला नाही, तर नव्या प्लेटांवर ती पहिल्याच दिवसापासून फिरू लागते. स्वस्त अंदाजांत नेमक्या याच दोन ओळी गाळलेल्या मी पुष्कळदा पाहिल्या आहेत.

प्रश्न : मी रोज वारज्याहून खेड-शिवापूरला जाते. ६० ते ७० च्या वेगात, ॲक्सिलरेटर हलका असताना रस्त्यावरच्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर होते. व्हील बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट दोनदा झाले, एक टायरही बदलला, पण फरक नाही. — एक वाचक, वारजे

उत्तर : आपण ‘ॲक्सिलरेटर हलका असताना’ असे लिहिले, त्यामुळे निदान बरेच सोपे झाले. टायरची थरथर वेगाशी बांधलेली असते, ॲक्सिलरेटरशी नव्हे. आपल्या वर्णनावरून कन्व्हर्टरच्या लॉक-अप क्लचवर संशय जातो. स्थिर वेगात हा क्लच इंजिन आणि गिअरबॉक्स यांना घट्ट जोडतो. शेवटचा गिअर पडल्यावरही टॅकोमीटरचा (इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा) काटा आणखी दोन-तीनशे फेऱ्यांनी उतरतो तो याच वेळी. ऑईलमधील रसायने संपली की हा क्लच पकड-सोड, पकड-सोड करू लागतो.

खात्री करण्यासाठी मोकळ्या, सरळ रस्त्यावर, मागे वाहन नसताना, उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला मागचा दिवा लागेल एवढाच स्पर्श करा. ब्रेकचा स्विच दाबला गेला की लॉक-अप सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली आणि पाय काढल्यावर काही सेकंदांनी परत आली तर दोष लॉक-अपचाच आहे. शेजारी बसलेल्या कोणाला तरी काट्यावर लक्ष ठेवायला सांगा, आपली नजर रस्त्यावर राहू द्या. ब्रेकला स्पर्श करूनही थरथर थांबली नाही आणि चढावर जोर दिल्यावर वाढली, तर इंजेक्टर, इंजिनाचे माउंटिंग आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस तपासावेत.

लॉक-अपचा दोष ठरल्यास योग्य मानकाच्या ऑईलने दोन-तीनदा बदल करणे हाच पहिला उपाय, आणि वेळेवर केल्यास तो पुष्कळदा पुरतो. त्यानेही भागले नाही किंवा स्कॅनरवर पी ०७४१ हा कोड आला, तर आधी लॉक-अपचे सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) पाहावे आणि कन्व्हर्टर त्यानंतर. महिनोन्‌महिने थरथर सहन केल्यास त्या क्लचचे अस्तर सुटते आणि संपूर्ण गिअरबॉक्समध्ये फिरते, म्हणून कृपया हे काम लांबवू नका.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी शिरले आणि गाडी सीटपर्यंत बुडाली. गाडी सुरू न करता टो करून नेली, इंजिन ऑईल बदलले, वायरिंग सुकवले. आता ती चालते आहे. गिअरबॉक्सचे काही करायला हवे होते का? — एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : होय, आणि अजूनही आजच करायला हवे. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून विसर्ग वाढून एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हापासून या भागातील वाचकांची अशी पत्रे येत असतात, आणि इंजिन वाचवण्याच्या घाईत गिअरबॉक्सकडे पाहिलेच गेले नाही हे त्यांतल्या बहुतेकांत समान असते. गिअरबॉक्स सर्व बाजूंनी बंद दिसला तरी त्याला हवा खेळण्यासाठी वर एक छोटी ब्रीदर नळी असते. त्या नळीच्या वर पाणी चढले की ते आत उतरते. क्लच प्लेटांचे अस्तर कागदाच्या जातीचे असते आणि ते पोलादी चकतीवर चिकटवलेले असते. पाण्याने अस्तर फुगते, चिकटवण सैल होते आणि काही आठवड्यांनी ते पापुद्र्यासारखे सुटते. म्हणूनच पुरानंतर गाडी ‘व्यवस्थित चालते’ यावर विसंबता येत नाही.

गाडी आता चालवू नका. ऑईल काढून काचेच्या स्वच्छ बरणीत रात्रभर ठेवा. तळाशी पाण्याचा थर बसला किंवा ऑईल दुधाळ राहिले तर चेंबर उतरवून, फिल्टर बदलून ऑईल भरा, इंजिन काही मिनिटे चालवून लिव्हर सगळीकडून फिरवा, पुन्हा काढा, आणि रंग पूर्ण स्वच्छ होईपर्यंत हेच करत राहा. या कामात ऑईलची काटकसर करू नये. गाडी फोर-व्हील-ड्राइव्ह असेल तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा डबा) आणि दोन्ही डिफरन्शियलचे ऑईलही त्याच दिवशी पाहा. त्यांनाही ब्रीदर असतात. विमा कंपनीकडे दावा अजून खुला असेल तर बरणीचा फोटो आणि गॅरेजचा लेखी अहवाल जोडा.

प्रश्न : गाडी मधेच तिसऱ्या गिअरमध्ये अडकते, दिवा लागतो; बंद करून पुन्हा सुरू केली की दिवसभर ठीक चालते. गिअरबॉक्स गेला का? — एक वाचक, पिंपरी

उत्तर : बहुधा नाही. विजेच्या मंडलात बिघाड दिसला की संगणक सोलेनॉइडचा पुरवठा तोडतो आणि गाडी घरी नेता यावी म्हणून एकच गिअर ठेवतो. बंद-चालू केल्यावर दोष जातो याचा अर्थ यांत्रिक भाग शाबूत असण्याची शक्यता जास्त. पी ०७०० हा कोड केवळ सूचना देतो. त्याच्यासोबतचा दुसरा कोड वाचायला सांगा. पी ०७१५ आणि पी ०७२० हे वेगाच्या सेन्सरचे, पी ०७५० पासूनचे काही कोड शिफ्ट सोलेनॉइडचे. त्याआधी बॅटरीचे व्होल्टेज, इंजिनापासून चॅसीपर्यंतची अर्थिंगची पट्टी आणि गिअरबॉक्सवरचा मोठा कनेक्टर पाहा. जुन्या गाड्यांत त्या कनेक्टरमध्ये ऑईल झिरपलेले किंवा हिरवा गंज चढलेला मी अनेकदा पाहिला आहे, आणि तो साफ करण्यास अर्धा तास लागतो.

प्रश्न : ताम्हिणी घाटात रविवारच्या गर्दीत गिअरबॉक्सच्या तापमानाचा दिवा लागला. आम्ही इंजिन बंद केले, नंतर दुसऱ्या गाडीने दोरीने ओढून मुळशीपर्यंत आणले. हे योग्य झाले का? — एक वाचक, बावधन

उत्तर : दोन्ही गोष्टी टाळायला हव्या होत्या. रांगेत हळूहळू चढताना लॉक-अप लागत नाही आणि कन्व्हर्टरमधील घसरण सगळी उष्णतेत जाते. दिवा लागल्यावर बाजूला थांबून ‘पी’मध्ये इंजिन चालूच ठेवावे, म्हणजे ऑईल कूलरमधून फिरत राहते, दिवा विझेपर्यंत निघू नये. चढताना लिव्हर खालच्या गिअरवर ठेवल्यास गिअरची सततची अदलाबदल टळते, आणि उतरताना ‘एन’ कधीही लावू नये.

ओढून आणण्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे. ऑईलचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाके फिरली की आतले गिअर आणि बुश वंगणाशिवाय फिरतात. आता चेंबर उतरवून पितळी कण आहेत का ते पाहून घ्या, ऑईल बदला आणि कूलरच्या जाळीत अडकलेली माती पाण्याच्या हलक्या धारेने धुऊन काढा. पुढच्या वेळी चारही चाके वर घेणारी फ्लॅटबेड गाडीच बोलवा, आणि आपल्या विम्याच्या रोडसाइड सेवेत ती मिळते का हे आजच फोन करून विचारून ठेवा.