इन्सुलाचे तुकडे पाडण्याआधी

fMRI स्कॅनवरून मेंदूचे भाग पाडायच्या पहिल्या प्रयोगाला इन्सुला (मेंदूच्या बाजूच्या खोल घडीत दडलेला भाग) निवडलीस, बरं केलंस. डीन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये क्लस्टरिंगने, म्हणजे सारख्यांचे गट पाडून, तिचे तीन भाग दाखवले होते: वरचा-पुढचा, खालचा-पुढचा आणि मागचा. म्हणजे पडताळायला काहीतरी हाताशी आहे.

पद्धत ऐकायला सोपी. इन्सुलातल्या प्रत्येक व्हॉक्सेलचा (स्कॅनमधल्या छोट्या घनाचा) माणूस नुसता पडून असतानाचा सिग्नल उरलेल्या मेंदूशी ताडून बघायचा. ज्यांचं नातं सारखं, ते एका गटात. गोची अशी की गट पाडणाऱ्या के-मीन्स अल्गोरिदमकडे पाच गट माग, पाच देईल. नऊ माग, नऊ देईल. ‘एवढे गट इथे नाहीतच’ असं तो कधी म्हणत नाही. म्हणून गटांची संख्या २ ते १० बदलून बघ. सहभागींचे दोन अर्धे कर आणि दोन्हीकडचे गट जुळतात का ते ॲडजस्टेड रँड इंडेक्सने मोज. के-मीन्सचे सुरुवातीचे बिंदू यादृच्छिक असतात, तेव्हा शंभरेक वेळा तरी चालव. (गटांचे क्रमांक दर वेळी अदलाबदल होतात. रंग बदलले म्हणून घाबरू नकोस.)

आणि स्मूदिंग, म्हणजे शेजाऱ्यांची सरासरी घेऊन सिग्नल गुळगुळीत करणं, जपून. त्याने शेजारी व्हॉक्सेल उगाच सारखे होतात, मग नकाशा इतका देखणा येतो की विचारू नकोस. अशाच एका नकाशावर मी दोन महिने खूश होतो. नंतर तेवढंच स्मूदिंग केलेला निव्वळ गोंगाट त्याच प्रोग्रॅममध्ये घातला, तर तेवढेच देखणे गट आले! ही चाचणी तू पहिल्याच आठवड्यात कर. इन्सुलाला चिकटलेलं ऑपरक्युलमही (तिच्यावर झाकणासारखा असलेला मेंदूचा भाग) तुलनेतून वगळ, त्याचा सिग्नल आत झिरपतो.

स्कॅन चालू असताना डोकं हलतं, त्याचं प्रत्यक्ष भेटीत बोलू, तो मोठा विषय आहे.