भावा, आधी रिकार्डो वहीवर सोडव

देशादेशांतल्या व्यापाराचे सगळे सिद्धांत एका तक्त्यात कोंबून पाठ करू नकोस. मी केलं होतं, पेपरात सगळी भेळ झाली.

अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोच्या १८१७ च्या उदाहरणापासून सुरू कर. ठरावीक वाइनसाठी पोर्तुगालला ८० माणसं लागतात, कापडासाठी ९०. इंग्लंडला १२० आणि १००. पोर्तुगाल दोन्हीत सरस, तरी कापड इंग्लंडकडूनच घेतो. का? एका वाइनमागं त्याला ०.८९ कापड सोडावं लागतं, इंग्लंडला १.२; म्हणजे तुलनेत वाइन पोर्तुगालला स्वस्त पडते, कापड इंग्लंडला. हा भागाकार स्वतः केल्याशिवाय पान उलटू नको.

हेक्शर-ओहलिन या दोघांचा सिद्धांत त्यामानानं सोपा: ज्या देशात जे मुबलक, श्रम किंवा भांडवल, ते जास्त लागणारा माल तो विकतो. कोल्हापुरी चप्पल आठव, कातडं शिवायला हातच लागतात. पण लगेच अर्थशास्त्रज्ञ लिओन्टिफचा १९५३ चा अभ्यास वाच. भांडवलानं गबर अमेरिकेची निर्यात आयातीशी टक्कर देणाऱ्या देशी मालापेक्षा जास्त श्रमप्रधान निघाली! इथं माझी तर झोपच उडाली होती.

जर्मनी-फ्रान्स एकमेकांना मोटारीच का विकतात, याला अर्थशास्त्रज्ञ क्रुगमन लागतो: उत्पादन वाढलं की घटणारा खर्च, आणि गिऱ्हाइकाची विविधतेची हौस. कोल्हापूरजवळच्या शिरोलीत फाउंड्रीला लागून फाउंड्री का, त्यासाठी मात्र एकाच धंद्याचे कारखाने एकत्र का येतात ते सांगणारा अर्थशास्त्रज्ञ मार्शल उघड. रविवारी तिकडं एक चक्कर मारू, येताना मिसळ तुझ्याकडून.