प्रश्न तुमचे, गणित प्रयोगाचे : क्रॉसओव्हरमध्ये जनावरे किती?

प्रश्न : आंबोणात सरकी ढेप द्यावी की सोयापेंड, यावर पाचोरा-भडगाव भागातल्या गोठ्यांवर प्रयोग करायचा आहे. प्रत्येक म्हशीला दोन्ही खाद्ये पाळीपाळीने देणार, म्हणजे क्रॉसओव्हर पद्धत. रोजच्या दुधाचे प्रमाण विचलन (सरासरीपासूनच्या चढउताराचे माप) २ लिटर आहे आणि ०.६ लिटरचा फरक सापडला तर पुरे. मोबाइलवरच्या गणकयंत्राने दर गटाला १७५, म्हणजे ३५० म्हशी सांगितल्या. मार्गदर्शक म्हणतात, क्रॉसओव्हर आहे, निम्म्या धरा. खरे काय? – एक पदव्युत्तर विद्यार्थिनी

उत्तर : ३५० हा आकडा वेगळ्याच प्रयोगाचा आहे. निम्म्या कळपाला ढेप आणि निम्म्याला सोयापेंड, असे दोन स्वतंत्र गट असतील तर तो लागू पडतो. ‘निम्म्या’ हे उत्तर खरे ठरायला एकाच म्हशीच्या दोन पाळ्यांतल्या दुधाचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसावा लागेल. तसे गोठ्यात कधी होत नाही. बारा लिटरची जाफराबादी खाद्य बदलले म्हणून पाच लिटरवर येत नाही.

तुमचे २ लिटर हे म्हशी-म्हशींमधले अंतर आहे. क्रॉसओव्हरमध्ये म्हशीची तुलना तिच्याशीच होते, त्यामुळे हे अंतर वजा होऊन जाते. उरतो तो प्रत्येक म्हशीचा ‘ढेपेवरचे दूध वजा सोयापेंडीवरचे दूध’ हा फरक. या फरकांचे प्रमाण विचलन हाच सगळ्या हिशोबाचा पाया आहे. ५ टक्के दुबाजू सार्थकता (फरक नसताना तो आहे असे म्हणण्याची जोखीम) आणि ८० टक्के पॉवर (फरक खरोखर असेल तर तो सापडण्याची शक्यता) धरली, तर

एकूण म्हशी = ७.८५ × (फरकांचे प्रमाण विचलन)² ÷ (शोधायचा फरक)²

७.८५ म्हणजे (१.९६ + ०.८४) चा वर्ग, थोडा बारकाईने. ९० टक्के पॉवर हवी असेल तर त्या जागी १०.५ घ्या. उत्तर एकूण संख्येचे येते, दर क्रमाचे नाही (क्रम म्हणजे कोणते खाद्य आधी, कोणते नंतर).

एकाच म्हशीच्या दोन पाळ्यांतल्या दुधाचा सहसंबंध (० म्हणजे काही संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.८ धरू. फरकांचे प्रसरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) = २ × ४ × (१ – ०.८) = १.६, म्हणजे प्रमाण विचलन १.२६ लिटर. ७.८५ × १.६ ÷ ०.३६ = ३४.९, म्हणजे ३५. लहान नमुन्यात टी-वितरण लागते, म्हणून आणखी २ धरा. ३७ झाल्या, दोन क्रम सारखे ठेवायला ३८. गळती १० टक्के धरली तर ३८ ÷ ०.९ = ४२.२, म्हणून ४४ : २२ म्हशी आधी ढेप, २२ आधी सोयापेंड, आणि कोणती कुठे जाईल ते चिठ्ठी टाकून ठरवा. ३५० च्या जागी ४४.

पण सहसंबंध ०.६ निघाला तर गळती न धरताही ७० म्हशी लागतात. म्हणून हा आकडा अंदाजाने ठोकू नका. गोठ्यांच्या जुन्या दूध-नोंदी काढा. खाद्य न बदललेले, तीन-तीन आठवड्यांचे लागोपाठ दोन काळ निवडा, प्रत्येकातल्या शेवटच्या ७ दिवसांची सरासरी घ्या, म्हशीगणिक वजाबाकी करा आणि त्या वजाबाक्यांचे प्रमाण विचलन काढा. वेत पुढे सरकते तसे दूध उतरते, पण सगळ्यांची सारखी उतरण सरासरीत जाते, विचलनात येत नाही. सहा म्हशींच्या चाचणीवर मात्र विसंबू नका : सहावरून काढलेल्या प्रमाण विचलनाचे खरे मूल्य ०.६२ पटीपासून २.४५ पटीपर्यंत कुठेही असू शकते.

छापील लेखातून आकडा घ्यायचा असेल तर गटांसमोर ± करून दिलेले विचलन उचलू नका. ते बहुधा म्हशी-म्हशींमधलेच असते. फरकाची विश्वासमर्यादा, म्हणजे खरा फरक ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावा ते आकडे, शोधा. समजा १६ जनावरांच्या क्रॉसओव्हरमध्ये फरकाची ९५ टक्के मर्यादा ०.१ ते १.३ लिटर दिली आहे. निम्मी रुंदी ०.६, १४ स्वातंत्र्यांशाचा (१६ वजा २ क्रम) टी-वितरणातला आकडा २.१४५, भागून ०.२८, गुणिले √१६ म्हणजे १.१२ लिटर. हेच तुमचे विचलन. सॉफ्टवेअर वापरताना ते ‘फरकांचे’ विचलन मागते की ‘म्हशीच्या आतले’, हे नीट वाचा. दोन्हींत √२ चे अंतर आहे आणि चूक झाली तर संख्या थेट निम्मी किंवा दुप्पट होते.

प्रत्येक पाळी २१ दिवसांची ठेवा : पहिले १४ दिवस कोठीपोटाला नव्या खाद्याची सवय व्हायला, शेवटचे ७ दिवस मोजमापाला. पहिल्या पाळीचा प्रभाव दुसरीत उतरू नये म्हणूनही हेच १४ दिवस. आधी हा मागे उरलेला प्रभाव, म्हणजे कॅरीओव्हर, तपासायचा आणि तो सापडला तर फक्त पहिली पाळी वापरायची, ही संख्याशास्त्रज्ञ ग्रिझल यांची १९६५ ची दोन टप्प्यांची रीत अजून शिकवली जाते. तिने चुकीचे ‘सार्थक’ निष्कर्ष वाढतात, हे फ्रीमन यांनी १९८९ मध्ये दाखवले. शिवाय एकच पाळी उरली की पुन्हा ३५० म्हशींचे गणित लागू होते आणि तुमच्याकडे असतात ४४.

व्याल्यापासून ६० ते १२० दिवसांतल्या म्हशी घ्या. पुढच्या घेतल्या तर दुसऱ्या पाळीत काही भाकड होतील. एक पाळी करून बाजारात विकली गेलेली म्हैस हिशोबाला जवळजवळ शून्य माहिती देते, म्हणून गोठामालकाशी ४२ दिवसांचे आधीच पक्के करा. एप्रिल-मेमध्ये तर मुळीच नको. पाळीचा परिणाम मॉडेलमध्ये घातला की उन्हाळ्याची सर्वसाधारण घट वजा होते, पण भर उन्हात खाद्याचा परिणामच बदलत असेल तर ते सूत्राने सुधारत नाही. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ चांगला.

प्रश्न : एम.फार्म.साठी दोन गोळ्यांची जैवसमतुल्यता (दोन्हींतून रक्तात सारखेच औषध पोचते का) क्रॉसओव्हरने तपासायची आहे. १२ स्वयंसेवक पुरतील का? – शिरपूर

उत्तर : युरोपीय नियमातले १२ हे किमान आहे, पुरेसे नव्हे. इथे फरक शोधायचा नसतो, तर दोन गोळ्यांतून रक्तात पोचणाऱ्या औषधाचे गुणोत्तर ८० ते १२५ टक्क्यांच्या आत आहे हे दाखवायचे असते, म्हणून वरचे सूत्र चालत नाही. हिशोब लॉग घेऊन होतो आणि व्यक्तीच्या आतला विचरण गुणांक (प्रमाण विचलन सरासरीच्या किती टक्के) लागतो. गुणोत्तर ०.९५ आणि पॉवर ८० टक्के धरली तर गुणांक २० टक्के असताना २० जण, ३० टक्के असताना ४०. गुणोत्तर ०.९० निघाले तर ३० टक्क्यांना तब्बल ८०. गुणोत्तर १ धरून संख्या कमी दाखवण्याचा मोह होतो, तो टाळा; अभ्यास फसला तर त्या सगळ्यांनी उगाच औषध घेतलेले असते.

प्रश्न : दोनऐवजी तीन खाद्ये असतील तर?

उत्तर : विल्यम्स रचना घ्या, म्हणजे प्रत्येक खाद्य दुसऱ्या प्रत्येक खाद्यानंतर सारख्याच वेळा येते. तिच्यात सहा क्रम असतात, म्हणून संख्या ६ च्या पटीत ठेवा. तिन्ही जोड्या तपासायच्या तर सार्थकता तिघांत वाटा, तेव्हा ७.८५ च्या जागी सुमारे १०.५ येतात. आणि प्रयोग ६३ दिवसांचा होतो, गळती १० टक्क्यांवर थांबेल असे धरू नका.