‘निगेटिव्ह’ म्हणजे दर वेळी ‘नकारात्मक’ नव्हे

प्रश्न असा आला आहे: द्राक्षांतले कीटकनाशकांचे अंश जीसी-एमएसवर (मिश्रणातले घटक वेगळे करून त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रावर) तपासण्याविषयीचा मजकूर मराठीत आणताना शीर्षकातल्या ‘ऑप्टिमायझिंग निगेटिव्ह केमिकल आयनायझेशन’ला ‘नकारात्मक रासायनिक आयनीकरणाचे इष्टतमीकरण’ म्हटलं तर चालेल का?

‘नकारात्मक’ आधी खोडा. उत्तर नकारात्मक असतं, सूर नकारात्मक असतो. इथलं आयनीकरण म्हणजे रेणूला विद्युतभार देऊन त्याचा आयन करणं, आणि विद्युतभार मात्र ऋण असतो. ऋण संख्या, ऋण आयन हे शाळेतच कानावर पडलेलं असतं. शिवाय तपासणीच्या मजकुरात हा शब्द घोळ घालेल. ‘रिपोर्ट निगेटिव्ह’ म्हणजे काही सापडलं नाही, हे आता घरोघरी माहीत आहे. इथे तर उलट आहे. क्लोरीन, फ्लोरीन, ब्रोमीन असलेली कीटकनाशकं या पद्धतीत अगदी कमी असली तरी सापडतात.

मग ‘ऋण रासायनिक आयनीकरण’? बरं आहे, पण त्यात ‘ऋण’ जाऊन ‘रासायनिक’ला चिकटतो. ऋण असतो तो आयन. म्हणून मी ‘रासायनिक ऋणायनीकरण’ लिहीन. त्यातलं ‘रासायनिक’ही तसं बरेचदा नावापुरतंच. सोर्समधल्या, म्हणजे यंत्रात जिथे आयन तयार होतात त्या भागातल्या, मिथेन वायूला धडकून इलेक्ट्रॉन मंदावतात आणि मंदावलेला इलेक्ट्रॉन क्लोरीनवाला रेणू झटकन उचलतो. त्याची मिथेनशी अभिक्रिया होतेच असं नाही. सायपरमेथ्रिन हे कीटकनाशक तर इलेक्ट्रॉन घेताच तुटतं आणि २०७ वस्तुमानाचा ऋणायन हाती लागतो. दुसऱ्याचा इलेक्ट्रॉन घेतला की रेणू ऋणात! हा योगायोगच, पण विद्यार्थ्यांना सांगायला झकास.

‘आयन’ची गंमत याहून खरी. फॅरेडेने १८३४ मध्ये हा शब्द रूढ केला तो ‘जाणारा’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. आपल्या उत्तरायणातलं ‘अयन’, म्हणजे जाणं, त्याच मूळ धातूचं. त्यामुळे ‘ऋणायन’ हा संधी मराठीत उपरा वाटत नाही.

‘इष्टतमीकरण’ व्याकरणाला धरून आहे, पण प्रयोगशाळेत ते कुणाच्या तोंडी नसतं. तिथे ‘कंडिशन सेट केल्या’ म्हणतात. प्रत्यक्षात करायचं असतं ते एवढंच: मिथेनचा प्रवाह कमी-जास्त करून पाहायचा आणि सोर्सचं तापमान ठरवायचं. ते साधारण १५० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात; फार चढवलं तर रेणू जास्त तुटतात, फार उतरवलं तर सोर्स लवकर मळतो. त्याला ‘मेळ बसवणे’ हा आपला शब्द पुरतो.

तुमचं शीर्षक मी असं करीन: ‘रासायनिक ऋणायनीकरणासाठी मिथेनचा प्रवाह आणि सोर्सचं तापमान यांचा मेळ कसा बसवावा’. लांबलं खरं, पण वाचणाऱ्याला कळेल.

आणि हो, आलेखातल्या ‘पीक’ला ‘शिखर’च म्हणा. नाहीतर ‘तापमान बदलल्यावर पीक वाढलं’ हे वाचून द्राक्षबागायतदार तुम्हाला फोन करतील.