डिझेलमधून काढलेलं गंधक शेवटी रिफायनरीच्या धुराड्यातूनच हवेत जातं ना?

नाही. रिफायनरी नीट चालत असेल तर बहुतेक गंधक पिवळ्याधमक घनरूपात बाहेर पडतं आणि सल्फ्युरिक आम्ल, खतं यांसाठी विकलं जातं.

डिझेल ३०० ते ४०० अंशांना, दाबाखाली, हायड्रोजनसोबत उत्प्रेरकावरून नेतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो: सडक्या अंड्याच्या वासाचा, जीवघेणा वायू. अमाइन या रसायनाचं द्रावण तो शोषून घेतं. मग क्लॉस युनिटमध्ये, म्हणजे गंधक वसूल करणाऱ्या संयंत्रात, या वायूतला एक तृतीयांश जाळून सल्फर डायऑक्साइड करतात, त्याची उरलेल्याशी अभिक्रिया होते आणि वितळलेलं गंधक खाली जमतं.

खरी मेख इथेच आहे. क्लॉसमधून साधारण ९५ ते ९७ टक्केच गंधक हाती लागतं. टेल गॅस ट्रीटमेंट, म्हणजे क्लॉसमधून उरलेल्या वायूवरची पुढची प्रक्रिया, जोडली की वसुली ९९.९ टक्क्यांपर्यंत जाते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ या वाहन-प्रदूषणाच्या भारतीय मानकामुळे डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा ५० वरून १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग) झाली, म्हणजे गाडीच्या धुरातलं गंधक आता रिफायनरीलाच सांभाळावं लागतं. मुंबईतल्या माहुलसारखी वस्ती रिफायनरीला खेटून असेल, तर गंधक वसूल करणारं हे युनिट बंद पडल्यावर उत्पादन कमी करावं. वायू फ्लेअरला, म्हणजे उंच नळीच्या तोंडाशी उघड्या ज्योतीत, जाळून मोकळं होणं मला अजिबात मान्य नाही. शिवाय भट्ट्यांत फर्नेस ऑइल या गंधक असलेल्या जड तेलाऐवजी नैसर्गिक वायू वापरला की तिथलंही उत्सर्जन लगेच घटतं.